नागरी परिवहन व हरित क्षेत्रे

नगरातील लोकांच्या सामुदायिक प्रवासाची व्यवस्था आणि नगराच्या हद्दीतील उद्याने, क्रीडांगणे, वृक्षराजीचे रस्ते, टेकड्या, तलाव, नदी-ओढ्यांचे काठ इ. मोकळ्या जागांची जोपासना ही नगररचनेची दोन महत्त्वाची अंगे होत. व्यवहारात त्यांचा विचार बहुधा निरनिराळ्या खात्यांकडून व निरनिराळ्या वेळी केला जातो. वस्तुतः दोहोंचा आधार एकच आहे व तो म्हणजे जमीन. नगर वाढू लागले म्हणजे घरे, दुकाने, रस्ते व वाहनतळ यांच्यासाठी जमिनीची मागणी वाढते, तिची किंमत चढते आणि ज्या जागांपासून कोणास थेट उत्पन्न नसते, त्या प्रथम नाहीशा होतात. म्हणून या दोन्ही सुधारणा वस्ती दाट होण्यापूर्वी हाती घेतल्यास अल्प खर्चात साधतात. पुढे त्यांसाठी फार मोठे मोल द्यावे लागते आणि पुष्कळदा ते देऊनही हेतू सफल होत नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार सु. ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. मोठ्या शहरांइतकीच अलीकडे नगराचा दर्जा मिळालेली लहान गावेही या प्रश्नाच्या कक्षेत येतात.

परस्परसंबंध : एक बसगाडी साधारणतः १२ मी. लांब व २·५ मी. रुंद असते. ती सु. ३० चौ. मी. जागा व्यापते व तीतून सु. ५० माणसे जाऊ शकतात. तेवढीच माणसे प्रत्येकी एक अशा मोटारसायकलींवरून निघाली, तर नुसत्या उभ्या वाहनांना सु. १०० चौ. मी. जागा लागते. दोघांमागे एक मोटार धरल्यास २५ मोटारींना ३०० चौ. मी.पेक्षा अधिक जागा लागते. शिवाय खाजगी वाहनास घरापाशी एक व कामाच्या ठिकाणी दुसरी अशी किमान दोन ठिकाणी उभे राहण्याची सोय करावी लागते, तर बसगाडी उतारू उतरवून पुढे निघून जाते. बाजारपेठेतील रस्त्याकडेची झाडे, शाळेपुढील पटांगण किंवा ओढ्याचा काठ वाहनतळासाठी वापरात येतो, तो याच गणितामुळे. उलटपक्षी सार्वजनिक वाहनाचा प्रवासी हा प्रथम व अखेरीस पादचारी असतो. घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता सावलीचा व चालण्याजोगा नसेल, तर उत्तम गाडीही त्याच्या उपयोगी पडत नाही. अशा रीतीने सार्वजनिक वाहतूक मोकळी जागा वाचविते आणि वृक्षाच्छादन सार्वजनिक वाहतुकीस प्रवासी मिळवून देते.

ऐतिहासिक आढावा : मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांनी ओढावयाची ट्राम सुरू झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम व १९२६ मध्ये बससेवा आली. उपनगरी लोहमार्गावर विजेची गाडी १९२५ पासून धावू लागली. १९४७ मध्ये मुंबईतील वीजपुरवठा व परिवहन यांचा उपक्रम महानगरपालिकेने आपल्या ताब्यात घेतला. १९६४ मध्ये ट्राम बंद झाली. तिची जागा बसगाड्यांनी घेतली.

१८९६ मधील प्लेगच्या साथीनंतर मुंबईत १८९८ साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले. दाट वस्तीतील लोकांस उत्तरेकडे मोकळी हवा मिळावी, या हेतूने त्याने दादर–माटुंगा भागाची आखणी केली. तेथे रुंद रस्ते, ठरावीक उंचीच्या इमारती व उद्याने यांच्या जागा आधी निश्चित करण्यात आल्या व घरे मागाहून बांधली गेली. माटुंग्याची पाच उद्याने याच आखणीतील होत. ट्रामचा मार्ग दादरपर्यंत नेण्यात आला. ट्राम जाऊन सहा दशके लोटली, तरी तेथील चौक ‘दादर टी. टी.’ याच नावाने ओळखला जातो. शेजारच्या शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये लोकांस खुले झाले. वाहतूक व मोकळ्या जागा यांची एकत्र आखणी केल्यास ती किती टिकाऊ ठरते, याचे हे महाराष्ट्रातील जुने उदाहरण आहे. मुंबईची लोकसंख्या पुढे अनेक पटींनी वाढली, तथापि या भागातील झाडे व मैदाने बव्हंशी टिकून आहेत. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड याने १८९८ मध्ये मांडलेली उद्याननगराची कल्पनाही याच काळातील होय.

ग्रामीण महाराष्ट्राच्या दृष्टीने १ जून १९४८ हा दिवस महत्त्वाचा मानला जातो. त्या दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढे एस. टी. या नावाने लोकप्रिय झालेल्या या सेवेने तालुक्याची गावे, बाजारपेठा, शाळा व देवस्थाने एकमेकांस जोडली. राज्यातील पुष्कळ शहरांत शहरवाहतूकही दीर्घकाळ एस. टी.नेच चालविली.

परिवहनसुधारणेची तत्त्वे : केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, तर माणसांना वाटून द्यावी, हे तत्त्व स्वीकारले. ते अंमलात आणण्याचा एक मार्ग म्हणजे बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका ठेवणे. ब्राझीलमधील कुरितिबा या शहराने १९७४ पासून अशा मार्गिका आखल्या आणि त्यांच्या लगतच उंच इमारतींना परवानगी दिली. त्यामुळे प्रवासी व गाड्या यांची सांगड बसली. त्याच शहराने नदीकाठच्या पूरप्रवण जमिनी भराव घालून बांधकामास न देता तेथे उद्याने केली. पूर आल्यास पाणी उद्यानात पसरते व वस्ती सुरक्षित राहते. कोलंबियातील बोगोता शहराने २००० मध्ये व अहमदाबादने २००९ मध्ये राखीव बसमार्गांची योजना सुरू केली.

पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर डिसेंबर २००६ मध्ये देशातील असा पहिला प्रयोग सुरू झाला. तथापि मार्गिका सलग नव्हती, थांब्यांपर्यंत पोहोचणे अवघड होते आणि इतर वाहनांची घुसखोरी थांबविता आली नाही. परिणामी अपेक्षित वेग साधला नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ पासून सुरू झालेल्या मार्गांची आखणी तुलनेने रुंद रस्त्यांवर झाल्याने त्यांना अधिक स्थैर्य लाभले. पुणे व पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र परिवहन उपक्रम २००७ मध्ये एकत्र करण्यात आले, ही संस्थात्मक सुधारणा राखीव मार्गिकेइतकीच महत्त्वाची होती. कारण प्रवाशाचा प्रवास नगरपालिकांच्या सीमा पाहून होत नसतो. मेट्रो रेल्वे मुंबईत २०१४, नागपुरात २०१९ व पुण्यात २०२२ मध्ये सुरू झाली. ती दाट वस्तीच्या मोजक्या मार्गांवर उपयुक्त ठरते. स्थानकापर्यंत नेणारी बससेवा व पादचारी मार्ग नसल्यास मात्र तिचा पूर्ण लाभ मिळत नाही.

मध्यम शहरांत खर्चिक साधनांपेक्षा सेवेची नियमितता अधिक महत्त्वाची असते. दर तासाला एक गाडी असेल, तर वेळापत्रक माहीत नसलेल्या प्रवाशास सरासरी अर्धा तास थांबावे लागते. दहा किमी.च्या प्रवासास लागणाऱ्या वेळेपेक्षाही हा काळ जास्त असतो. यावर दोन उपाय आहेत. प्रवासी पुष्कळ असतील, तेथे फेऱ्या वाढविणे, हा एक. प्रवासी थोडे असतील, तेथे दर तासाच्या त्याच ठरलेल्या मिनिटाला गाडी सोडणे आणि निरनिराळ्या मार्गांच्या गाड्या मुख्य स्थानकावर एकाच वेळी आणून उतारूंस गाडी बदलण्याची सोय करणे, हा दुसरा. स्वित्झर्लंडच्या रेल्वेने १९८२ पासून हीच पद्धत देशभर लागू केली. तीसाठी नव्या गाड्यांपेक्षा वेळेची शिस्त अधिक लागते.

सेवा कोणी चालवावी, याबाबत महाराष्ट्रात निरनिराळे प्रयोग झाले. औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे २०१९ मध्ये स्मार्ट सिटी योजनेतील शहर बससेवा एस. टी. महामंडळाच्या सहकार्याने सुरू झाली. नासिकमध्ये पूर्वी एस. टी. चालवीत असलेली शहरवाहतूक महानगरपालिकेने २०२१ मध्ये स्वतःच्या यंत्रणेकडे घेतली. कोणत्याही पद्धतीत तिकिटांच्या उत्पन्नातून सर्व खर्च भागत नाही, असाच सर्वत्र अनुभव आहे. म्हणून तूट ही उपक्रमाची अकार्यक्षमता समजावी की रस्ते व दिवाबत्ती यांवरील खर्चाप्रमाणे नागरी सेवेचा खर्च समजावा, हा मूळ प्रश्न होय. वाहनतळाचे शुल्क, विकास आकार इ. मार्गांनी या खर्चाचा काही भाग खाजगी वाहनांकडून वसूल करता येतो.

हरित क्षेत्रे : झाडे व मोकळी जमीन यांमुळे हवेतील धूळ कमी होते, पावसाचे पाणी मुरते व उष्णतेची तीव्रता घटते. डांबर व काँक्रीट दिवसा तापतात आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकतात. त्यामुळे दाट वस्तीचा भाग भोवतालच्या शेतापेक्षा उष्ण राहतो. वयस्क माणसे, मुले व उन्हात काम करणारे लोक यांना याचा त्रास सर्वाधिक होतो. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक सूत्रांत दरमाणशी १० ते १२ चौ. मी. मोकळी जागा असावी, असे सुचविले आहे. हे प्रमाण एका मोठ्या उद्यानाने पुरे करण्यापेक्षा पायी जाता येईल अशा अंतरावर लहान जागा विखुरलेल्या असणे अधिक हितावह असते.

बिघडलेली जमीन पुन्हा हिरवी करता येते. मुंबईत मिठी नदीच्या काठी कचरा टाकण्याच्या जुन्या जागेवर वृक्षारोपण करून उभारलेले माहीम निसर्ग उद्यान १९९४ मध्ये खुले झाले. पुण्यात १९९७ मध्ये समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. त्यास शासनाची मान्यता मिळण्यास २०१५ साल उजाडले. मधल्या काळात काही उतारांवर वस्ती झाली आणि जमिनींच्या मोबदल्याचा प्रश्न त्यानंतरही कठीण राहिला.

वृक्षांची निवड स्थानिक हवामानास धरून करावी लागते. कोरड्या प्रदेशात वड, पिंपळ, कडुनिंब, चिंच, करंज हे वृक्ष दाट सावली देतात व दीर्घायुषी असतात. लवकर वाढतात म्हणून लावलेले गुलमोहर व तत्सम वृक्ष ठिसूळ फांद्यांमुळे वादळात मोडतात. रस्ता करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट घातल्यास मुळांना हवा व पाणी मिळत नाही आणि झाड काही वर्षांत वठते. याकरिता प्रत्येक झाडाभोवती मातीचे मोकळे आळे ठेवणे अवश्य असते. रोप लावण्यापेक्षा पहिली तीन वर्षे त्यास पाणी देणे व गुरांपासून राखणे हे काम अधिक कष्टाचे असते. वृक्षारोपणाच्या बहुसंख्य योजना येथेच निष्फळ होतात.

कायदेशीर तरतुदी : ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामीण भागातून नागरी भागात संक्रमित होणाऱ्या गावांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण, उद्याने व क्रीडांगणे यांच्याबरोबरच वाहनतळ व बसथांबे हेही विषय स्थानिक संस्थांकडे सोपविण्याजोगे म्हणून नमूद आहेत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरण नेमणे व दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणे आवश्यक आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्षाचे संरक्षण मिळाले. झाड तोडावेच लागल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अटही तिने घातली.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात उद्याने, मैदाने, बसस्थानके इत्यादींसाठी जमिनी आरक्षित करता येतात. तथापि आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन न झाल्यास मालक नगरपालिकेस खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या विहित मुदतीतही संपादनाची पावले न उचलल्यास ते आरक्षण रद्द होते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकून पडू नये, हा या तरतुदीचा न्याय्य हेतू आहे. परंतु निधीची तरतूद न करता केलेली आरक्षणे यामुळे कागदावरच राहतात व एका पिढीने राखलेले मैदान दुसऱ्या पिढीस मिळत नाही.

वाढती लहान नगरे : या प्रश्नाचे स्वरूप सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात स्पष्टपणे दिसते. हा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम भागात असून त्याची लोकसंख्या ४,८५,६४५ (२०११) होती. उत्तरेस नीरा नदी वाहते. प्रदेश पर्जन्यछायेतील असला, तरी नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यामुळे उसाची लागवड वाढली आणि माळीनगर, श्रीपूर, अकलूजलगतचे यशवंतनगर व सदाशिवनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या आधाराने बाजारपेठा, शाळा, महाविद्यालये व रुग्णालये आली. २०१४ नंतरच्या काळात माळशिरस, नातेपुते व महाळुंग-श्रीपूर येथे नगरपंचायती झाल्या. तालुक्यातील सर्वांत मोठे गाव असलेल्या अकलूज येथे २०२१ मध्ये नगरपरिषद अस्तित्वात आली. अशा रीतीने एकाच तालुक्यात एक मोठे शहर न होता काही किमी. अंतरावर अनेक लहान नगरे वाढत आहेत. तहसील कार्यालय माळशिरस येथे, तर मोठी बाजारपेठ व एस. टी.चे आगार अकलूज येथे आहे. त्यामुळे रोजचा प्रवास मुख्यतः गावांतर्गत नसून गावागावांमधील आहे.

तालुक्यातून लोहमार्ग जात नसल्याने सार्वजनिक प्रवासाचा भार एस. टी.वर आहे. विद्यार्थ्यांचे पास, ग्रामीण भागातील मुलींचा मोफत शालेय प्रवास, पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना विनामूल्य प्रवास (२०२२) आणि स्त्रियांना निम्मे भाडे (२०२३) या सवलतींमुळे गरजू लोकांस ती परवडते. जेथे गाडीच्या फेऱ्या अपुऱ्या असतात, तेथे ‘वडाप’ म्हणून ओळखली जाणारी खाजगी जीपगाड्यांची वाहतूक चालते. ही वाहने थांब्यापाशी त्वरित उपलब्ध असतात, हा त्यांचा गुण होय. मात्र ती भरल्याखेरीज सुटत नाहीत, क्षमतेहून अधिक माणसे घेतात आणि संध्याकाळी किंवा आडमार्गावर मिळतीलच याची शाश्वती नसते. २०२१-२२ मध्ये एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप काही महिने चालला, तेव्हा अशा वाहनांवर सर्वस्वी विसंबणे विद्यार्थ्यांना, विशेषतः मुलींना, किती जड जाते, हे राज्यभर दिसून आले. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, अकलूज व श्रीपूर या गावांना जोडणाऱ्या ठरावीक मिनिटाच्या फेऱ्या आणि त्यांना जोडून आडगावांहून येणारी परवानाधारक लहान वाहने, अशी रचना येथे उपयुक्त ठरण्याजोगी आहे. गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर यांमुळे रस्ते मंदावतात. म्हणून त्या काळाचे वेळापत्रक वेगळे असणे श्रेयस्कर होय.

श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी वारीत नातेपुते, माळशिरस व वेळापूर येथे मुक्कामास असते, तर श्रीतुकाराम महाराजांची पालखी अकलूजमार्गे जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाच्या कामांची पायाभरणी झाली. यांत दिवेघाट ते मोहोळ हा सु. २२१ किमी.चा व पाटस ते तोंडले-बोंडले हा सु. १३० किमी.चा मार्ग येत असून दोहोंच्या बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पदपथांची योजना आहे. रुंदीकरणासाठी जुने वड व कडुनिंब तोडले गेले आणि ज्या सावलीतून दिंड्या चालत, ती पुष्कळ ठिकाणी नाहीशी झाली. झाड वाचवून रस्ता नेणे नेहमीच अशक्य असते, असे नाही. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे २०२० मध्ये लोकांच्या आग्रहामुळे जुन्या वटवृक्षाकरिता महामार्गाची आखणी बदलण्यात आली होती. नव्या पदपथांवर दुतर्फा देशी वृक्ष लावून ते जगविले, तर वारीचे दिवस सोडून उरलेले वर्षभर ते शाळेला, बाजाराला व बसथांब्याकडे जाणाऱ्यांचे सावलीचे रस्ते होतील. मे महिन्यात येथील कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते, हे लक्षात घेता अशी सावली ही शोभेची वस्तू नसून प्रवासाची मूलभूत सोय आहे.

पालखीतळ व रिंगणाची मैदाने ही या तालुक्याची विशेष संपत्ती होय. सदाशिवनगरनजीकचे पुरंदावडे, खुडूस व अकलूज येथे रिंगणाचे सोहळे होतात. या जागा परंपरेमुळे मोकळ्या राहिल्या आहेत. त्यांच्या कडेने झाडी लावून मध्यभाग मैदान म्हणून राखल्यास त्या वारीच्या काळी तळ व एरव्ही क्रीडांगण अशा दोन्ही उपयोगांच्या होऊ शकतात. नीरेचा काठ, ओढे व कालव्यालगतच्या पट्ट्या यांचाही असाच विचार करता येतो. नगरपंचायतींना मोठ्या खर्चाची उद्याने परवडत नाहीत. परंतु ओढ्याचा काठ अतिक्रमणापासून वाचविणे, नव्या रेखांकनांतील मोकळ्या जागा प्रत्यक्ष ताब्यात घेणे, बसस्थानकाभोवती सावलीचे पादचारी रस्ते करणे आणि सांडपाणी शुद्ध करून झाडांना देणे, ही कामे त्यांच्या आवाक्यातील आहेत.

मूल्यमापन : नागरी सुधारणेचे यश पूल, मार्गिका किंवा रोपे यांच्या संख्येवरून ठरविण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे. ठरलेल्या वेळी गाडी आली काय, थांब्यापर्यंत एखादी वृद्ध स्त्री किंवा शाळकरी मुलगी निर्धास्तपणे चालत जाऊ शकते काय आणि लावलेल्या रोपांपैकी पाच वर्षांनी किती जगली, या कसोट्या अधिक विश्वसनीय होत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांना आज बसच्या मार्गिकेसाठी व उद्यानासाठी इंच-इंच जागा शोधावी लागते. माळशिरस, अकलूज, नातेपुते यांसारख्या नगरांत ही जागा अद्याप शिल्लक आहे. पहिला विकास आराखडा व त्यातील आरक्षणांची पहिली दहा वर्षे हाच तेथे निर्णयाचा काळ ठरतो, कारण त्यानंतर नगराचा आकार बदलणे जवळजवळ अशक्य होते.